स्क्रीन हलते म्हणून

“भाईसाहब, स्क्रीन तो हिल रही है!”

“गरम होने दीजिए मैडम, रुक जाएगी.” विकणारा गालात हसत होता. मी नाक मुरडलं.

जुना मॉनिटर विकायचा आहे, असं कळलं म्हणून मी रिसालीत आले होते. सीपीयू माझ्याकडे होता. मॉनिटर मिळाला, तर पावर हाउस भागातल्या माझ्या क्लासमधली टायपिंगची कामं घरी आणता येतील, मेली संध्याकाळ तरी सरेल... आई गेल्यापासून मोहन नगरची ती खोली खायला उठायची.

बराच वेळ आम्ही हिंदीत भांडलो. मग त्यानं काच पुसायला हात लावला. थंडीची कोरडी हवा— त्याच्या बोटाला चटकन झटका बसला.

“आई गं! झटका मारून राहिला बे हा!”

मी बघतच राहिले. “तुमी... मराठी?”

“आन् तुमी?”

दोघंही खो खो हसलो. किती दिवसांनी हसले मी! या हिंदी मुलखात क्लासात हिंदी, बाजारात हिंदी. मराठी बोलायची ती फक्त आईशी.

शामसुंदर त्याचं नाव. स्टील प्लांटमध्ये क्लार्क.

“पुढच्या रविवारी परत पाहते,” म्हणून मी निघाले. त्या रविवारी मला स्क्रीनचा उजेड कमी वाटला. गावाहून आलेली त्याची आई म्हणाली, “बस वो माय, चहा मांडते.” माझे डोळेच भरले. पुढच्या रविवारी बटण सैल वाटलं. खरं सांगू? मॉनिटर चांगला होता. पण घेतला की इथलं येणं संपलं, आणि परत ती मुकी खोली.

मग एका रविवारी गेले, तर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं! मी दारातूनच ओरडले,

“मत लीजिए, स्क्रीन हिलती है!”

तो माणूस उठून गेला. शामसुंदर कमरेवर हात ठेवून उभा.

“माझं गिऱ्हाईक कावून पळवलं?”

“मले पाह्यजे म्हणून.”

“मॉनिटर?”

माझे कान तापले. “मॉनिटर नेला, तर इथं यायले निमित्त काय राहीन?”

त्यानं मॉनिटरची तार काढली. मग हळूच म्हणाला, “तर मी येईन ना तिकडे...”

स्कूटरवर मॉनिटर मांडीवर घट्ट धरून मी त्याच्यामागे बसले. खोलीवर त्यानं तारा जोडल्या. स्क्रीन हलायला लागली.

“गरम व्हायले टाइम लागते.” तो दाराकडे बघत होता. “थांबू... का जाऊ?”

“थांबा ना.”

आई गेल्यापासून त्या खोलीत कुणी मराठीत बोललं नव्हतं.