वजनकाट्यावरचा होकार

दुपारी साडेतीन वाजता, मानवतच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यासमोर, राजेश्रीनं भागवतचा मोबाइल त्याच्याच कापसाच्या ट्रॉलीत फेकला.

"शोध आता!"

भागवत हसायला गेला... आणि तिचा चेहरा पाहून थांबला.

तीन वर्षांपूर्वी याच काट्यावर दोघांची गाठ पडली होती. राजेश्री इथं कापूस पारखायची. बाकीचे वरचा मूठभर कापूस घेऊन बघत. ती कोपरापर्यंत हात खुपसायची. भागवतच्या पहिल्याच ट्रॉलीतून तिनं ओलसर मूठ बाहेर काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "वरून कोरडा, आतून भिजलेला. कुणाला फसवायलास?" तो तणतणत परत गेला. आठ दिवसांनी कापूस वाळवून आला. पुढं दर हंगामात, घराजवळची जिनिंग सोडून, तिच्याच काट्यावर येत राहिला.

यंदा तिनं कोइंबतूरच्या एका सूतगिरणीत नोकरीसाठी अर्ज केला. त्या दिवशी तिचा मोबाइल दुरुस्तीला होता, म्हणून नंबर भागवतचा दिला. शुक्रवारी गिरणीतून, कामावर येणार का, अशी फोनवर विचारणा झाली. "मॅडम येतील," भागवतनं परस्पर सांगून टाकलं. आज सोमवारी रेल्वेचं तिकीट त्याच्या मोबाइलवर आलं आणि त्यानं ते दाखवलं, तेव्हा कुठं तिला कळलं.

"तीन दिवस गप बसलास!"

"तू माझ्यापायी थांबली असतीस, राजे."

"थांबले असते न्हाईतर गेले असते. ठरवणारा तू कोण?"

"तुझं भलं व्हावं म्हणून —"

"घरी दादा ठरवतेत, इथं शेठ ठरवतेत. एक तू उरला होतास. तू बी तेच केलंस!"

बोलता बोलता तिचे डोळे भरले, आणि त्यामुळं ती आणखीच चिडली. तिच्या भुवईला कापसाचा तंतू चिकटला होता. भागवतचा हात नकळत उचलला गेला...

"हात लावू नको."

हात खाली आला.

"हे सगळं वरवरचं झालं," ती म्हणाली. "आतलं सांग."

तो ट्रॉलीच्या फळीकडं बघत बोलला. "फोन आला तवा लय भ्यालो. 'तिला नेऊ नका' असं तोंडातून निघंल म्हणून घाईनं हो म्हणून मोकळा झालो. तू नसलीस तर... मी या काट्यावर कशाला येऊ? कापूस घ्यायला कुणीबी घेतंय."

"हे शुक्रवारी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"परत तेच! माझं उत्तर तू कामून शोधायलास?"

ती चाकावर पाय देऊन वर चढली, कापसात खांद्यापर्यंत हात घातला आणि मोबाइल काढला. त्याच्यासमोरच गिरणीला फोन लावला. शुक्रवारचा होकार माझा नव्हता, असं तिनं हिंदीत, एकेक शब्द तोडून सांगितलं. पाचपर्यंत कळवा, असं तिकडून उत्तर आलं.

"मग... काय कळवणार हाईस?"

"गाडी काट्यावर घे. मागं रांग लागलीय."

पाचला दहा मिनिटं कमी होती. भागवतची ट्रॉली रिकामी झाली होती, पण फाटकाबाहेर गेली नव्हती. मोबाइल राजेश्रीच्याच हातात होता. गिरणीला तिनं अजून उत्तर कळवलं नव्हतं.