खोक्यातली हवा

पखवाजाच्या थापेच्या जागी नुसतं ‘फुर्र’ कसं काय येतंय?

केतकी गाडीत डोकं खुपसून बसली होती. सावंतवाडीत आता सगळ्या गाड्या विनाचालक आणि बिनआवाजाच्या होत्या. तिच्या धाकट्या भावाला, निहारला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण सीटखालच्या थरथरीवरून त्याला ताल शिकायचा होता. म्हणून केतकीने स्वतः लाकडी खोकं बनवून सीटखाली ठेवलं होतं आणि त्यात सबवूफर (अगदी खालच्या पट्टीचे घुमणारे आवाज काढणारा स्पीकर) बसवला होता. निहारने सीटवर तळहात ठेवला आणि मान हलवली. काहीच नाही.

सुनेत्राआत्या ध्वनिशास्त्रज्ञ होती. तिने आपल्या यंत्रमानवाला, चिमट्याला, बोलावलं. चिमट्याने खोक्याच्या सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली. एका कोपऱ्यात धूर थरथरला.

“इथून हवा निसटतेय,” आत्या म्हणाली. “स्पीकरचा पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. फटीतून दोन्ही एकमेकींना भेटल्या की थाप तिथेच विरते. तू फळ्या कशाने जोडल्यास?”

“सिलिकॉनने. चिकटतं ना ते!”

“चिकटतं, पण रबरासारखं लवचिक राहतं. दणक्याने फळ्या हलतात. लाकूड जोडायला सुताराचा पांढरा डिंकच हवा. तो लाकडाच्या रंध्रांत शिरून घट्ट होतो. पण मोठी फट काही त्याला भरता येत नाही. तिथे तुझ्या सिलिकॉनसारखं सीलंट (फट बुजवणारा लवचिक लेप) लागतं.”

“म्हणजे दोन्ही लागणार?”

“हो. आणि आधी जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडायचं. त्याच्यावर डिंक धरत नाही.”

केतकीने स्पीकर काढून खोकं सुटं केलं, फळ्या घासल्या, डिंक लावला, शिकंज्यांत आवळल्या. डिंक वाळल्यावर आतून सांध्यांवर सिलिकॉनची रेघ ओढली. तेवढ्यात निहार धावत आला. संध्याकाळी भजनाचा सराव होता, त्याला आधी ताल पक्का करायचा होता. केतकीने लगेच स्पीकर उचलला.

“थांब,” चिमटा म्हणाला. “आंबट वास येतोय.”

“व्हिनेगरसारखा,” आत्या म्हणाली. “हे सिलिकॉन वाळताना आम्लाची वाफ सोडतं. बंद खोक्यात कोंडली तर स्पीकरचा धातू गंजू शकतो. पण स्पीकर तुझा आहे. तू ठरव.”

केतकीने निहारकडे पाहिलं. मग स्पीकर खाली ठेवला आणि हातांच्या खुणांनी सांगितलं, “आज नाही.” निहार रुसून निघून गेला. त्या संध्याकाळी ती जेवलीही नाही धड.

वास पूर्ण गेल्यावर तिने स्पीकरच्या कडेखाली रबराची पट्टी ठेवली, म्हणजे दुरुस्तीला तो पुन्हा काढता येईल, आणि स्क्रू आवळले.

निहार घुश्श्यातच सीटवर बसला. पहिली थाप पडली. त्याचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या आवर्तनाला त्याची बोटं मांडीवर चालू लागली, आणि तिसऱ्याला एकही मात्रा चुकली नाही.

गाणं संपलं तसा तो घाईघाईने खुणा करू लागला.

“काय म्हणतोय?” आत्याने विचारलं.

केतकी हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. “म्हणतोय, याच्या शाळेतल्या सगळ्यांना बसता येईल एवढा बाक बनव.”

आत्याने टेप तिच्या हातात दिली. “चल, मापं घेऊ या.”