ज्याचा दगड त्यानं उचलावा

सातवाहनांचं सैन्य नाशिकहून कोकणात कुठून उतरलं, यावर प्रा. हिरामण बोरस्ते आणि मी अकरा वर्षं भांडलो. ते म्हणायचे, थळ घाटातून. मी म्हणायचो, इगतपुरीच्या पश्चिमेकडच्या आंबेवणीच्या नाळेतून. परिसंवादांत भांडलो, वर्तमानपत्रांतून भांडलो, एकदा तर एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात हातात मठ्ठ्याचा पेला धरून भांडलो. शेवटी डिसेंबर नव्व्याण्णवमध्ये तेच म्हणाले, चला, दाखवा तुमची नाळ. पटली तर तसं लिहून देईन. मला आणखी काय हवं होतं?

नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, दगडी उतरण. तिच्या तोंडाशी छातीएवढी दगडांची रास आहे. वाट दाखवायला आलेल्या मंगळूनं पायाजवळचा एक दगड उचलून तिच्यावर ठेवला आणि मलाही ठेवायला लावला.

"वर आल्यावर आपला दगड आपुन उचलायचा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्याला हात नाय लावायचा."

म्हणजे राशीत उरलेले दगड न परतलेल्यांचे. मी हरखलो. एवढी रास चार वाटसरूंची कशी असेल? ही तर सैन्याची शिरगणती होती. नुकताच तंबाखू मळल्यामुळे माझ्या अंगठ्याला चुना होता, त्याचा ठसा माझ्या दगडावर उमटला. ओळखायला बरा, असं मनात आलं. बोरस्ते सरांचे गुडघे दुखत होते. ते राशीपाशीच थांबले.

नाळेच्या मध्यावर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. मी त्याची मापं घेतली आणि आम्ही वर निघालो. मंगळू चार पावलं पुढे होता. मी वळण घेतलं, तर समोर मंगळू नव्हता, टाकं होतं. पुन्हा चढलो. पुन्हा टाकं. वाट एकच, चुकणार कुठे? वरून आमच्या जीपचा हॉर्न ऐकू येत होता. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. हॉर्न वाजतच राहिला.

सातव्या खेपेला टाक्याजवळच्या दगडी पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. खाली कुणीतरी खोकलं.

दुसऱ्या दिवशी मला शोधायला आलेले पोलीस हातभर अंतरावरून निघून गेले. त्यांनी राशीवर दगड ठेवले नव्हते. मंगळू ठेवतो, म्हणून त्याला मी दिसतो. रोज दुपारी तो नागलीची भाकरी आणतो. त्यातला एक तुकडा खालच्या पायरीवर ठेवतो. कुणासाठी, ते मी विचारत नाही.

माझा हात धरून वर न्यायचा प्रयत्नही त्यानं केला. वळणावर त्याच्या हातात काही उरत नाही.

"तुमचा दगड राशीवर नाय, सर," तो म्हणाला. "त्या सरांनी एक नेला."

तेवढीच एक आशा होती. तो दगड परत आणायला मी मंगळूला नाशिकला धाडलं.

आज तो रिकाम्या हातांनी आला. सोबत फक्त वर्तमानपत्र होतं, त्यात बोरस्ते सरांचा लेख. सरांनी दिलदारपणे हार मानली होती. मार्ग आंबेवणीचाच होता, आपल्या बेपत्ता मित्राचंच खरं होतं, असं स्वच्छ लिहिलं होतं. फोटोत पुराव्याचा दगड होता आणि त्यावर पांढरा अंगठा. ही खूण एका सैनिकाची, दोन हजार वर्षांपूर्वीची, असं सरांचं मत. दगडाचे पातळ काप करून ते तपासणीला पाठवले आहेत.

अकरा वर्षं याच लेखाची वाट पाहिली होती. आधी हसू आलं, मग कापांचं वाक्य पुन्हा वाचलं. उचलायला माझा दगडच उरला नव्हता.

मंगळू गेला. मापांच्या वहीत हे लिहितो आहे.

मघाशी लेख पुन्हा मोठ्यानं वाचला. कुणाला, ते माहीत नाही.

"मार्ग हाच होता," या वाक्याला खालून हुंकार आला.

एकाचा नाही, अनेकांचा.

मग खालच्या पायरीवर वहाणा घासल्याचा आवाज झाला. कुणीतरी जरा सरकून माझ्यापुरती जागा केली.