टोकाचा मान

उत्तरा टेप घेऊन अप्पांच्या खोलीत शिरली आणि तिचा गुडघा खाटेवर आपटला. गेल्या वर्षी दाराची झडप आणि खाट यांच्यामध्ये एक खुर्ची आरामात मावत होती.

"खाट कशाला सरकवलीत, अप्पा?"

"मी कशाला सरकवू? खोलीच सरकली," अप्पा म्हणाले.

तिने चारही भिंती मोजल्या. तेरा चौरस मीटर. वसाहत उभारली तेव्हा हीच खोली छत्तीस भरली होती.

कंदर वसाहत चंद्राच्या पोटात होती, जुन्या लाव्ह्याने कोरलेल्या बोगद्यात. वर खडक, खाली खडक, आणि मध्ये एकाच मजल्यावर एकमेकींना चिकटून चारशे खोल्या. त्यांच्या भिंती जिवंत होत्या. माणूस उच्छ्वास सोडायचा, त्यावर भिंत जगायची, आणि तिच्या प्राणवायूवर माणूस. एक रात्र जरी खोली रिकामी राहिली तरी भिंत वाळायला लागायची, म्हणून प्रत्येक खोलीत रोज कोणीतरी झोपायलाच हवं असा नियम होता.

ही भित्तिवेल तयार केली डॉ. वामन सबनीस यांनी, म्हणजे उत्तराच्या वडिलांनी, अप्पांनी. त्याआधीच्या वसाहतीच्या भिंती भाजलेल्या दगडाच्या होत्या. एका चांद्रकंपात त्या तडकल्या, हवा निघून गेली आणि बासष्ट माणसं गेली. त्यांत उत्तराची आई होती. तेव्हापासून अप्पांना ताठ गोष्टींचा राग होता. वेलीची मूळ गड्डी त्यांच्याच खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यात, पृथ्वीवरून आणलेल्या मातीत होती. तिच्यातून निघणारा शिथिलरस साऱ्या भिंतींत फिरायचा आणि त्यांना मऊ ठेवायचा. भिंती वाकत, लवत, पण तुटत नसत. एकोणीस वर्षांत नऊ कंप झाले आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

"पाच वर्षांनी भिंती गड्डीला टेकतील," उत्तरा म्हणाली. "ती चेंगरली की रस बंद. सगळं लाकूड होईल आणि पहिल्याच कंपात फुटेल. अप्पा, तुमचीच खोली का आकसते? शेजारी आमचं घर तर चांगलं वाढलं होतं."

अप्पांनी उशीखालून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या. त्यांच्यामध्ये साबणाचा फेस दाबलेला होता. एकेरी थर, सगळे फुगे एकमेकांना चिकटलेले. अप्पा पंधरा दिवस याच्याशी खेळत होते आणि उत्तराला वाटत होतं की म्हातारपण आलं.

"हा फुगा बघ. त्याला शेजारी किती?"

"पाच."

"आणि आता थांब."

दोघं थांबली. पाच शेजाऱ्यांचा फुगा हळूहळू लहान होत गेला. सात शेजाऱ्यांचा वाढत होता. सहावाले जिथल्या तिथे होते.

"कमी बाजूंच्या फुग्याच्या भिंती बाहेर फुगलेल्या असतात," अप्पा म्हणाले. "म्हणून आत दाब जास्त. हवा भिंतीतून झिरपून शेजारी जाते आणि मऊ भिंत तिच्या मागोमाग आत येते. फुगा लहान की मोठा, याला काडीचं महत्त्व नाही. सहापेक्षा जितके शेजारी कमी, तितक्या वेगाने तो आटतो. आपल्याकडे एका कमी शेजाऱ्यामागे वर्षाला एक चौरस मीटर."

"पण ही तर वेल आहे. झाडात असं होत नाही."

"होत नाही. झाडाची पेशी वाढण्यापुरती भिंत सैल करते, वाढली की घट्ट करते. मी ती जन्मभर सैल ठेवली." अप्पा काचेकडेच बघत होते. "मला वाटलं मी झाड लावतोय. मी फेस केला, उत्तरा."

काचेवरचा तो फुगा चार बाजूंचा झाला, मग तीन बाजूंचा, मग टिंबाएवढा, आणि नाहीसा झाला. उत्तराने घड्याळात पाहून वेळ टिपून घेतली. तिला फक्त वेगाशी काम होतं.

"तुमच्या खोलीला तर सहा शेजारी होते ना?"

अप्पांनी काचेच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "तुझ्या लग्नापर्यंत होते."

वसाहतीत लग्न म्हणजे भिंत उतरवणं. नवरा-नवरीच्या खोल्या शेजारी घ्यायच्या आणि मुहूर्तावर मधली भिंत काढून एक घर करायचं. त्या भिंतीच्या दोन टोकांना ज्यांच्या खोल्या असत, त्यांनी हातात रसाची वाटी घेऊन टोकं सोडवायची. याला टोकाचा मान म्हणत. मान मिळाला नाही म्हणून रुसून बसणारी माणसं चंद्रावरही होती.

एकोणीस वर्षांपूर्वी, वसाहतीतल्या पहिल्याच लग्नात, उत्तरा आणि श्रीरंगच्या भिंतीचं टोक अप्पांनी सोडवलं होतं. नवा कुडता घालून. आधी त्यांना मुलगी आणि जावई असे दोन शेजारी होते, नंतर दोघांचं मिळून एकच घर झालं. सहाचे पाच झाले. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांच्या, पलाश आणि केतकीच्या लग्नात पुन्हा तेच. पाचाचे चार.

"मान म्हणून वाटी हातात घेतली," अप्पा म्हणाले, "आणि स्वतःची खोली कापली."

त्या दुपारी उत्तराने सगळं श्रीरंगला सांगितलं. तो वीजविभागात होता, साहजिकच त्याला पंप सुचला.

"रोज हवा भरू. जेवढी झिरपेल तेवढी."

"आणि चौदा दिवसांच्या रात्रीत?"

चंद्रावर चौदा दिवस सूर्य नसायचा. त्या रात्रीत साठवलेली वीज ऊब आणि पाणी यांनाच जेमतेम पुरायची, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"मग तेवढ्या भिंती घट्ट करा."

"गड्डीभोवतीच्याच भिंती ताठ करायच्या? म्हणजे कंपात पहिली तड तिथेच."

"मग राहिलं काय?"

"काढलेल्या भिंती परत घालायच्या," उत्तरा म्हणाली. "केतकीची एक आणि आपली एक. अप्पांना दोन शेजारी परत मिळतील. सहा होतील आणि खोली थांबेल."

भिंत घातली की दोन खोल्या होणार होत्या, आणि प्रत्येक खोलीत कोणीतरी श्वास घ्यायला हवा होता. श्रीरंग उठून त्या जुन्या भिंतीच्या जागेवर जाऊन उभा राहिला. जमिनीवर तिचा बारीक हिरवा व्रण अजून होता. वेल मुळं धरणार होती ती तिथेच.

"कायमचं?" त्याने विचारलं.

"हो."

केतकीनेही वसाहतीच्या सभेत तोच एक शब्द विचारला. पलाश तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाकीच्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे. नाही म्हणायला तोंड कुठे आहे आम्हाला?"

दोन्ही भिंती उभ्या राहायला सात महिने लागले. व्रण मध्यावर नव्हता, त्यामुळे उत्तराच्या वाट्याला अकरा चौरस मीटर आले आणि श्रीरंगला बाकीचं मोठं घर. अदलाबदल करू, असं तो तीनदा म्हणाला. तिने ऐकलं नाही. झडपेतून येणंजाणं होतं, जेवण एकत्र होतं, पण झोपायला ज्याने त्याने आपापल्या खोलीत जायचं होतं. पहिल्या महिन्यात ती भिंतीला हात लावून झोपायची. भिंत कोमट आणि मऊ होती, आणि उत्तराला तिचा मनापासून तिटकारा आला होता.

वर्षाने तिने अप्पांची खोली मोजली. भिंती पुरत्या उभ्या राहिल्या त्या दिवशी बारा भरली होती. आताही बाराच भरली. वसाहतीने गोड जेवण केलं. अप्पांना पहिल्या पानाचा मान देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही.

घरी येऊन तिने सवयीने स्वतःची खोली मोजली. दहा.

तिने पुन्हा मोजली. मग बाजू मोजल्या. लग्नानंतर त्यांच्या घराला आठ बाजू होत्या. पुढे आजूबाजूच्या दोन लग्नांत दोन गेल्या होत्या. सहा बाजूंच्या घरात भिंत घातली की दोन्हीकडे पाच-पाच येतात. तिची खोली आटणार हे तिला आधीच कळायला हवं होतं. पण त्या वर्षभर तिने फक्त अप्पांच्या बाजू मोजल्या होत्या.

आणि मग तिला काचेवरचा तो टिंबाएवढा फुगा आठवला. तो नाहीसा झाला तेव्हा तिने वेळ टिपली होती. त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहिलंच नव्हतं.

ती अप्पांकडे गेली. काचेच्या पट्ट्या खाटेखाली होत्या. तिने नवा फेस भरला आणि पाच शेजाऱ्यांचा एक फुगा निवडून बसून राहिली. पाऊण तासाने तो मिटला. त्याला शेवटी चिकटलेल्या तिन्ही फुग्यांची एकेक बाजू गेली. त्यांतला सहा बाजूंचा एक पाच बाजूंचा झाला आणि आटायला लागला.

अप्पांना बाजू द्यायची तर भिंतीचं टोक त्यांच्याच खोलीला टेकणार, म्हणजे भिंतीच्या दोन्ही अंगांच्या खोल्या त्यांच्या शेजारच्या. आणि बाजूंची तूट त्याच खोल्यांत राहणार. दहा वर्षांनी तिची खोली मिटेल आणि अप्पांचा एक शेजारी जाईल. नंतर श्रीरंगची. आणखी भिंती घातल्या तर माणूस आडवा होण्याएवढी जागा उरणार नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशीच," अप्पा म्हणाले. "तू घड्याळ बघत होतीस."

"मग बोलला का नाहीत? केतकी पलाशपासून वेगळी झाली. मी..."

"पाचाऐवजी पंधरा वर्षं मिळाली. वेलीचं दुसरं काही निघेल असं वाटलं." त्यांनी काचेवरचा फेस बोटाने पुसला. "वर्षभर शोधतोय. नाही निघालं."

झडपेवर टकटक झाली. केतकी होती. हातात टेप होता, गोड जेवणाची वाटीही तशीच होती.

"ताई, माझी खोली मोजली मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात ना, आता सगळं थांबलं? मग मला एकदा मोजून दाखवता? माझंच काहीतरी चुकत असेल."

उत्तराने तिच्या हातातला टेप घेतला आणि तिच्याबरोबर चालू लागली.