पुसायची राहिलेली पावलं

सिनाईच्या वाळवंटातल्या नुवैबाहून जीप निघाली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सुवैलिमनं चहाची किटली, पीठ आणि पाण्याचे डबे मागं चढवले. घरातल्या सहा बायका दाटीवाटीनं बसल्या. ईदनंतरची सहल, रंगीत घळ बघायची. हमदाला यायचंच नव्हतं. ती आली ती नातीसाठी, फ्रैजासाठी.

"आज्जी, लहानपणी इथंच शेळ्या राखायचीस ना? मग घाबरतेस कशाला?"

"शेळ्यांना विचार."

सगळ्या हसल्या. हमदा हसली नाही. साठ वर्षांपूर्वी याच घळीत तिची धाकटी बहीण नुवैरा वळणापलीकडं गेली आणि पुन्हा दिसली नाही. घळीतून जाताना शेवटच्या बाईनं फांदी ओढत सगळ्यांची पावलं पुसायची, ही त्यांची रीत. घळीला पावलं ओळखू द्यायची नाहीत, आई म्हणायची. त्या दिवशी शेवटी हमदा होती. तिनं करडू उचलून घेतलं आणि फांदी टाकून दिली.

घरात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच तिला आयुष्यभर बोचलं.

सुवैलिम म्हणाला, "आत्या, मी जीप पलीकडच्या तोंडाशी नेतो. चहा तयार ठेवतो."

सगळ्यांनी चपला हातात घेतल्या. हमदाला आता वाकवत नव्हतं. तिनं झुडपाची फांदी फ्रैजाला दिली.

"बाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही. कबूल?"

"कबूल गं! झाडूवाली केलीस मला."

घळ अरुंद होत गेली. भिंती तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या. वर आकाशाची चिंधी. गप्पा आपोआप बंद पडल्या. खांदे दोन्हीकडून घासू लागले. दगड जागा द्यायला तयार नव्हते. मागून फांदीची खरखर येत होती. हमदा तिच्याच आधारानं चालत होती.

तिसऱ्या वळणावर खरखर थांबली.

"फ्रैजा!"

"फोटो काढतेय! आले!"

मग बराच वेळ काहीच नाही. हमदानं मागं वळायचा प्रयत्न केला. वळता येईना.

खरखर पुन्हा सुरू झाली. आता संथ, एकसारखी.

पलीकडं ऊन डोळ्यांत घुसलं. फ्रैजा सर्वांत शेवटी आली. हमदानं तिला घट्ट पोटाशी धरलं. पोरीच्या केसांना शेळ्यांचा वास येत होता. फ्रैजानं जन्मात शेळी राखली नव्हती.

पोरीनं फांदी खाली ठेवली आणि ती चहाकडं चालू लागली.

हमदाच्या लोकांना पाऊल चेहऱ्यासारखं ओळखता येतं. तिनं वाळूकडं पाहिलं.

पोरीच्या ठशांत डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. नुवैराची चढायची तशी.

पोरगी थांबली. वळून हळूच म्हणाली,

"करडू कुठं ठेवलंस?"

चुलीपाशी बायका हसत होत्या. फ्रैजाची आई सर्वांत मोठ्यानं. कुणी खाली पाहिलं नव्हतं.

हमदानं फांदी उचलली. कण्हत वाकली आणि ती पावलं पुसू लागली.

तेव्हा घळीच्या आतून, तिसऱ्या वळणाकडून, दुसऱ्या फांदीची खरखर ऐकू आली. आत आत जाणारी.

हमदा पुसत राहिली.