तावड्यांच्या तसबिरीतले डोळे

कांजूरमार्ग पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दशरथकाकांचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं ते आपलं नावाला. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड निळी भिंत, एक स्टूल आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. मानसी तिथे फोटोशॉप शिकायला लागली तेव्हा तिच्या डोक्यात भलत्याच कल्पना होत्या. आपण नवऱ्यामुलींचे चेहरे उजळणार, जोडप्यांच्या मागे बर्फाचे डोंगर उभे करणार, वगैरे. पंधरा दिवसांत सगळी हवा निघून गेली. जिवंत माणसं हल्ली आपले फोटो मोबाइलमध्येच ठेवतात. फ्रेम करायला येतात ते गेलेल्यांचे फोटो.

आणि या गेलेल्यांचं एक असतं. एकट्याचा धड फोटो त्यांनी जन्मात काढलेला नसतो. कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत, बारशाच्या गर्दीत, कुणाच्या खांद्याआडून डोकावताना सापडतात बिचारे. मग त्यांना गर्दीतून कापून काढायचं, खांद्यावरचा परका हात पुसायचा, बनियनवर कोट चढवायचा, मागे आभाळी रंग ओतायचा. काकांनी तिला हे बाराखडीसारखं शिकवलं. लॅसोने, म्हणजे माउसने रेघ ओढत, कडेकडेने कापायचं. प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर ठेवायचा, म्हणजे काचेवर काच ठेवल्यासारखं. चुकलं तर तेवढीच काच काढता येते.

"चुकीला माफी आहे या धंद्यात," काका म्हणायचे. "फक्त सगळे लेअर एकत्र करून सेव्ह करायच्या आधी. नंतर नाही."

एकच गोष्ट त्यांनी दोनदा बजावली होती. फोटोत डोळे मिटलेले असतील तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतले डोळे लावायचे. दुसऱ्या कुणाचे नाहीत. नाहीच मिळाले तर मिटलेलेच छापायचे.

"का हो काका?"

काकांनी कटर पुसायला घेतला. मानसीला वाटलं, असेल काहीतरी जुन्या लोकांचं.

सरावाला ती आपल्या वडिलांचा पासपोर्ट फोटो घ्यायची. भाऊ म्हणायचे त्यांना सगळे, मानसीसुद्धा. शाळेची व्हॅन चालवायचे. आई गेल्यापासून घरात हे दोघंच, आणि पोरीने काहीतरी हातात कला घ्यावी म्हणून भाऊंनीच तिला इथे आणून सोडलं होतं. त्या फोटोत भाऊ थेट समोर बघत होते, उजेड सारखा पडला होता, आणि डोळे कापायची प्रॅक्टिस करायला त्याहून सोपा फोटो नव्हता. तिने ते डोळे इतक्यांदा कापले होते की तो तुकडा वेगळा सेव्ह करून ठेवला होता.

त्या मंगळवारी काका लग्नाच्या ऑर्डरीवर ठाण्याला गेले होते. भर दुपारी एक माणूस आला. तुळतुळीत मुंडण, हनुवटीवर टाक्यांची जुनी खूण. श्रेयस तावडे. राहायला जोगेश्वरीला, नोकरी इथे जवळ. दुसऱ्या दिवशी वडिलांचं तेरावं होतं आणि घरात तसबीर नव्हती. होता तो एकच बरा फोटो, आणि नेमके त्यात डोळे मिटलेले.

"दुसरा शोधूनही नाही सापडत हो," तो म्हणाला. "बाबांना फोटोचं वावडं होतं. बघा ना ताई काहीतरी. आई म्हणते मिटलेले डोळे नको, ते तसे स्मशानात बघून झालेत."

मानसीने काकांना तीनदा फोन लावला. लग्नाच्या बँडमध्ये कुठला फोन ऐकू येतो? मग ती मनाशी म्हणाली, नुसतं बसवून दाखवावं, बघू कसं दिसतं. तिने भाऊंच्या डोळ्यांचा तुकडा आणून तावड्यांच्या चेहऱ्यावर ठेवला. जरासा फिरवला, कडा मऊ केल्या, रंग दोन घरं गडद केला. ते डोळे असे चपखल बसले की तिचं तिलाच बरं वाटलं. पहिल्यांदाच काहीतरी न चुकता जमलं होतं.

श्रेयस स्क्रीनकडे बघत राहिला, मग त्याने डोळे पुसले. "हेच द्या. हेच."

आता याला नाही म्हणायचं कसं? तिने लेअर एकत्र केले, सेव्ह केलं, प्रिंट काढली आणि फ्रेममध्ये घालून दिली. संध्याकाळी काका आले तेव्हा ती हे सांगायला विसरली, असं तिने पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंनी भर रस्त्यात व्हॅनचा ब्रेक दाबला. मागे अकरा मुलं होती. कुणाला लागलं नाही, पण मागून येणारा टेम्पो वीतभर अंतरावर थांबला.

"रस्ताच गेला गं समोरचा," घरी आल्यावर भाऊ म्हणाले. "एकदम भिंत आली. पिस्ता रंगाची. खाली माणसं बसलेली, सगळी माझ्याकडे बघत होती. एक म्हातारी तर हात जोडून… मला नमस्कार करत होती."

डोळ्यांच्या डॉक्टरने मशीनवर हनुवटी टेकवायला लावून तपासलं. डोळे ठणठणीत होते. भाऊंना चक्कर आली असेल, झोप कमी झाली असेल, असं सगळे म्हणाले. पण चार दिवसांत तीनदा तसंच झालं, आणि दर वेळी जास्त वेळ. पहिल्यांदा अर्धं मिनिट, मग पाच, मग सबंध दुपार. भाऊंनी व्हॅनची चावी मालकाला परत दिली.

"त्यांचा मुलगा आहे एक," जेवताना ते सहज बोलावं तसं म्हणाले. ताटात चाचपडत भाकरी शोधत होते. "मुंडण केलंय. हनुवटीला टाके पडलेत कधीतरी."

मानसीच्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती जोगेश्वरीला तावड्यांच्या दारात उभी होती. फ्रेमचा हुक ढिला असेल तर बघायला आले, अशी थाप मारली. द्रौपदीबाईंनी, म्हणजे तावड्यांच्या बायकोने, तिला आत घेतलं आणि चहा ठेवायला गेल्या. पिस्ता रंगाचा हॉल. उदबत्तीचा आणि कोमेजलेल्या झेंडूचा वास. समोर भिंतीवर तावडे, गळ्यात हार. कोट तिनेच चढवलेला, आभाळ तिनेच ओतलेलं. आणि तिच्याकडे बघणारे ते डोळे, जे तिने लहानपणापासून रोज पाहिले होते.

तिने घरी फोन लावला.

"भाऊ… आता काय दिसतंय?"

"तू दिसतेस," भाऊ म्हणाले. "पिवळा ड्रेस. फोन कानाला लावलाय… मानसी, तू त्या घरात काय करतेस गं? रडतेस कशाला?"

आपल्या हाताने आपण बापाचे डोळे उपटून दुसऱ्याच्या भिंतीवर टांगले, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

तिने मिटलेल्या डोळ्यांची नवी प्रिंट पिशवीत आणली होती. द्रौपदीबाईंच्या पाया पडून म्हणाली, आजी, माझी चूक झाली, हा फोटो बदलू द्या. म्हातारीने प्रिंटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाय गो बाय. वर्षश्राद्ध होईसर तसबीर भिंतीवरना उतरवूक नाय. आमच्यात तसा नसता." मग पदराने काच पुसत हळूच म्हणाली, "आणि आता कशाक उतरवू? जिते आसताना कधी येवढा बघल्यानी नाय माझ्याकडे."

स्टुडिओत येऊन मानसीने फाइल उघडली. लेअर एकच. हिस्ट्री, म्हणजे आधीच्या पायऱ्यांची यादी, कोरी. तरी तिने ते डोळे पुसले, पूर्ण फाइल पुसली, भाऊंचा तो तुकडाही पुसला. घरी फोन केला तर भाऊ म्हणाले, म्हातारी आता भाजी निवडतेय.

शेवटी तिने काकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते स्टुलावर बसले.

"मी चोरून आणते ती फ्रेम," मानसी म्हणाली. "फोडून टाकते."

"फोडायची नाही."

"मग काय करू?"

"मी फोडली होती," काका म्हणाले. "बारा वर्षं झाली. माझ्या धाकट्या भावाचे डोळे लावले होते एका फोटोला… तो आता गावी असतो. त्याला बाहेर आणत नाही आम्ही." मानसीची पुढे विचारायची छाती झाली नाही.

मग महिने गेले. माणूस कशालाही सरावतो, भाऊही सरावले. आपलं घर त्यांना दिसेनासं झालं. सकाळपासून रात्रीपर्यंत तावड्यांचा हॉल, तेवढाच. खिडकीपाशी खुर्ची टाकून हाताने चाचपत मटार सोलायचे आणि तावड्यांकडची हकिगत सांगायचे. आज नवीन पडदे लावले. आज म्हातारी पडून आहे, बरं नाहीसं दिसतं. मानसी ऐकायची. वर्षश्राद्धाला किती दिवस उरले ते मोजायची. तेवढी एकच आशा होती.

वर्ष भरायला दोन महिने असताना, एका रविवारी सकाळी भाऊ ताठ बसले.

"तसबीर उतरवतायत गं!"

मानसी धावत आली.

"सामान बांधलंय सगळं. मुलगा जवळ आलाय… कागद आहे हातात. गुंडाळतोय." मग भाऊ थांबले. "काळोख झाला."

दोघं वाट बघत बसले. आता आपलं घर दिसेल, आता दिसेल. संध्याकाळ झाली तरी काळोखच होता. श्रेयसचा फोन लागेना. मानसी तशीच जोगेश्वरीला गेली. इमारत पुनर्विकासाला दिली होती. खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या होत्या. वॉचमन म्हणाला, लोक भाड्याच्या घरांत पांगले, कोण कुठे गेलं कुणाला ठाऊक. तावड्यांचं काही सामान टेम्पोत गेलं, काही गोदामात ठेवलं म्हणे. कुठल्या गोदामात? त्याने खांदे उडवले.

त्यानंतर मानसी रोज विचारायची, आणि भाऊ रोज म्हणायचे, काळोख. नवव्या दिवशी, सकाळच्या उन्हात बसलेले असताना, त्यांनीच तिला हाक मारली. आवाज अगदी खाली होता.

"मानसी… काहीतरी हलतंय."

"काय हलतंय?"

"बोटं आहेत."

"कुणीतरी कागद सोडत असेल, भाऊ! सापडली असेल त्यांना फ्रेम…"

"नाही गं." भाऊंनी मान मागे घेतली, खुर्चीच्या पाठीला टेकेपर्यंत. "काचेच्या बाहेर नाहीत ती. आत आहेत. कोटाच्या बाहीतून आलीयत. माझ्या बाजूला… चाचपडतायत. काहीतरी शोधतायत."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. खाली कुणीतरी भाजीवालीशी हुज्जत घालत होतं. मानसीने भाऊंचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च धरले. ते बर्फासारखे गार होते.

"डोळे मिटा, भाऊ. घट्ट मिटा. उघडू नका."

भाऊंनी लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटून घेतले.

"कपाळावर आली," ते पुटपुटले. "आता खाली येतायत…"

"मिटून ठेवा. मी आहे इथे. मिटून ठेवा…"

"मिटलेत गं," भाऊ म्हणाले. "मी मिटलेलेच ठेवलेत."

त्यांचे दोन्ही हात मानसीच्या हातांत होते. आणि तिच्यासमोर, उन्हात, भाऊंची डावी पापणी कुणीतरी अंगठ्याने अलगद वर सारावी तशी हळूहळू उघडत होती.