न्हाणीमागचं अर्थिंग

कॉम्प्युटरसाठी मीठ घ्याले आलेला माणूस तुमी कोणी पाह्यला आहे काय? मी पाह्यला. माझ्याच दुकानात.

सत्त्याऐंशीचा पोळा. तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीत रस्त्याच्या कडेले माझं किराणा दुकान होतं. पोळा फुटून गेलता. बैल दारोदारी पूजा घेऊन घरी परतत होते. शेजारच्या घरात पिठोरीचं वाण डोक्यावर घेऊन बाई मागं न पाहता पोरायले विचारत होती, "अतीत कोण?" अन् पोट्टे ओरडून आपलं नाव सांगत होते. तेवढ्यात ओमप्रकाश भोयर सायकल घेऊन दुकानासमोर उभा.

"अण्णाजी, खडेमीठ द्या. अर्धं पोतं."

"गावाले लोणचं घालतं काय बे?"

"लोणचं नाई. मशीनले पाह्यजे."

मी हासलो. तोही हासला, पण डोळे लाल होते त्याचे. चार-पाच रात्री झोपला नसंल.

ओमप्रकाश मूळचा हिंगणघाटकडचा. नागपूरले पॉलिटेक्निक शिकला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करे. डोक्यात एकच घेतलं होतं, का वर्ध्यात कॉम्प्युटरचा क्लास काढाचा. तयार मशीन त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून सुटे भाग आणले, थोडे नागपूरहून, थोडे मुंबईहून, अन् स्वतःच्या हातानं जोडलं. पोळा झाला का क्लास सुरू होणार होता. पोरायनं नावं देऊन ठेवली होती. अन् घरात बायको कोकिळा, तिले सातवा महिना. पहिलटकरीण. रुख्माबाई नावाच्या म्हातारीच्या घराचा अर्धा भाग त्यायनं भाड्यानं घेतलता.

सगळं झालं, पण मशीन चालू होईना.

बटन दाबलं का आतला पंखा फिरे. बस. ना आवाज, ना अक्षर. पडदा काळाच. त्यानं एकेक पट्टी काढून पुसली, परत बसवली. चिप्स अंगठ्यानं दाबून पाह्यल्या. वीज देणारा डब्बा बदलून आणला. कीबोर्ड काढून पाह्यला, फ्लॉपीची तार काढून पाह्यली. काहीच नाई. फक्त लोखंडी पेटीले हात लावला का बोटायले झिणझिण्या येत. शेवटी त्यानं नागपूरच्या दुकानदाराले फोन लावला. तो म्हणे, "भैया, मशीन में कुछ नहीं है. पहले अर्थिंग देखो."

अर्थिंग म्हणजे काय, तर खड्डा खणाचा, त्यात तांब्याची पट्टी गाडाची, भोवती कोळसा अन् मीठ भराचं, अन् तिथून तार घरात आणाची. भटकलेली वीज त्या तारेतून जमिनीत जाते. पण जमीन ओली पाह्यजे. अन् त्या साली पाणीच नव्हतं. श्रावण कोरडा गेला. काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा. ओमप्रकाशनं समोरच्या अंगणात खणलं, तार लावून पाह्यली. काही उपयोग नाई.

ओली जागा त्या घरात एकच होती. न्हाणीच्या मागं, सुपाएवढी. न्हाणीचं पाणी दुसऱ्याच बाजूनं जाये, तरी ती जागा ओली राहे.

त्यानं रुख्माबाईले विचारलं होतं. म्हातारी म्हणे, "बापू, समोर खण, बाजूले खण. त्या जागेले हात नको लावू."

"काऊन, आजी?"

"नको म्हणलं न."

मंग ती पोळ्यासाठी भावाकडं गेली, तळेगावले. अन् ओमप्रकाशनं सब्बल उचलली.

इथून पुढचं मले त्यानंच सांगितलं. एकदाच सांगितलं. परत कधी बोलला नाई.

दिवेलागणीले खणाले सुरुवात केली. माती लोण्यासारखी. गुडघाभर खाली गेल्यावर सब्बल कशावर तरी कचकन लागली. पांढरा थर होता. त्यानं चिमूट घेऊन जिभेले लावली. मीठ.

त्याले आनंदच झाला. "अवं कोकिळा, पाह्य! पहिलेच कोणी अर्थिंग करून ठेवलं दिसते."

कोकिळा मागच्या दारात उभी होती. ती हासली नाई.

"अहो... मीठ घालून काय पुरतेत, मालूम आहे न तुमाले?"

त्याले मालूम होतं. कोणाले नसते? लहान लेकरू गेलं तर जाळत नाईत. पुरतेत. मीठ घालून.

"जुनं अर्थिंग आहे," तो म्हणे. "जा तू आत."

ती आत गेली. त्यानं कंदील खाली धरला. मिठाच्या थरात काळे मणी होते. दोऱ्यात ओवलेले. लेकराच्या मनगटावर बांधतेत तसे. एवढूसं कडं...

त्यानं ते काढले नाईत. वर माती ओढली. त्याच मातीवर तांब्याची पट्टी ठेवली, कोळसा टाकला, मीठ टाकलं, खड्डा बुजवला. हिरवी तार खिडकीतून आत आणली अन् मशीनले जोडली. "काय करू, अण्णाजी?" मले म्हणे. "क्लास तोंडावर होता. मले वाटलं, मेलेल्याचं काय अडते?"

बटन दाबलं.

टूं.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. चार-पाच रात्रीनंतर पहिल्यांदा. पेटीले हात लावला, झिणझिण्या बंद. तो रडलाच म्हणे. कोकिळेले ओढत आणलं, तिनं मशीनले हळद-कुंकू लावलं. दोघं जेवले अन् तिथंच, टेबलाच्या बाजूले, सतरंजीवर झोपले.

मध्यरात्र झाली असंल. लाइट गेलती. अमावस्येचा अंधार, हात दिसत नव्हता. त्याले जाग आली ती आवाजानं.

कर्र.

थोडं थांबून... कर्र.

टेबलावरून येत होता आवाज. त्याले वाटलं, उंदीर. उशाशी टॉर्च होती. लावली.

मशीन सरकत होतं.

एक बोटभर. खिडकीकडं. मंग थांबे. मंग थोडं परत येई. मंग परत खिडकीकडं.

त्यानं उजेड तारेवर धरला. हिरवी तार ताठ झालती. खिडकीतून बाहेर, अंधारात. कोणीतरी ओढून राह्यलं होतं. जोरात नाई. सावकाश. ओढे... ढिली सोडे. ओढे... ढिली सोडे.

"अहो."

कोकिळा जागीच होती. उताणी. दोन्ही हात पोटावर.

"किती वेळची जागी आहे तू?"

"लई वेळची." तिचा आवाज अगदी हळू होता. "तुमाले समजलं नाई काय? ते तार नाई ओढून राह्यले. कोणी माय पाळण्याची दोरी ओढते तसं आहे."

त्यानं टॉर्च तिच्याकडं वळवली.

"तिनं ओढलं का... हे पोटात फिरते. सोडलं का थांबते."

त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला.

कर्र. अन् हाताखाली लेकरू हाललं.

ढिली.

शांत.

कर्र. हाललं.

पोट्टेहो, त्या जागी तुमी काय केलं असतं? मी काय केलं असतं, मले नाई सांगता येत. ओमप्रकाश उठला. पक्कड घेतली. कोकिळा म्हणत होती, "नका... अहो, नका..." पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. त्यानं खिडकीजवळ तार धरली. थंडगार होती. अन् तोडली.

बाहेरचं टोक सर्रकन् अंधारात गेलं.

मंग काहीच नाई. कुत्रं नाई. किडा नाई. वारा नाई.

तो बायकोजवळ येऊन बसला.

"थांबलं," तो म्हणे. "गेली ती."

कोकिळेनं पोट दाबून पाह्यलं.

"कोकिळा?"

"हालत नाई," ती म्हणाली.

"झोपलं असंल."

"नाई... हालत नाई."

सकाळी, अजून नीट फटफटलंही नव्हतं, माझ्या दारावर थाप पडली. पाहतो तर कोकिळा. एकटी चालत आलती, भिंत धरत धरत. मले म्हणे, "अण्णाजी भाऊ, गाडी पाहा. मले दवाखान्यात नेऊन द्या." अन् मंग, "पहिले त्यायले उठवा. ते उठत नाईत."

माझ्या घरच्यायनं तिले बसवलं. मी धावत गेलो.

ओमप्रकाश न्हाणीच्या मागं बसला होता. उघड्या अंगानं, मातीत. जमिनीतून ती हिरवी तार वर आलती, तिचं तुटकं टोक त्याच्या मुठीत होतं. अन् तो ओढत होता. ओढे, ढिली सोडे. ओढे, ढिली सोडे. बोटं सोलून निघालती. तोंडानं अं-अं करत होता, बाया लेकरू झोपवताना करतेत तसं. रात्रभर तेच केलं होतं त्यानं.

"ओमप्रकाश. ऊठ बाप्पा."

माझ्याकडं पाह्यलं त्यानं. हात चालूच.

"हाललं काय?" मले विचारे. "तिले इचारा न, अण्णाजी. हाललं काय?"

मी मूठ उघडाले लागलो तर उघडू देईना. म्हणे, "सोडू काय? सोडलं तर चालंल काय?"

शेवटी मीच तार सोडवली. जीप आली, दोघायले बसवलं. दवाखान्यात डॉक्टरायनं सगळं केलं. पण लेकरात जीव उरलाच नव्हता. मुलगी होती. असं होते कधी कधी, ते म्हणाले, कारण सांगता येत नाई. कोकिळा वाचली. नवऱ्याले ती कधी काही बोलली नाई. पण परत त्याच्या हाताले हात लावला नाई, असं तिच्या भावानं मले सांगितलं. पुढं ती माहेरीच राह्यली.

क्लास झाला नाई. मशीन नागपूरचा कोणी घेऊन गेला, त्याच्याकडं लावल्याबरोबर चाललं म्हणे. ओमप्रकाश मंग कुठं गेला, कोणाले मालूम नाई.

रुख्माबाई दोन दिवसानं आली. उकरलेली जागा पाह्यली अन् तिथंच बसली. मले म्हणे, "माही जाऊ होती, जिजाबाई. तिची पोरगी पाचवीच्या आत गेली. मसणात नेऊ देईना. इथंच पुरा म्हणे, मले रात्रीचं जवळ पाह्यजे. रिकामा पाळणा टांगून दोरी ओढत बसे, रातच्या रात. महिना नाई झाला, तीही गेली." डोळे पुसून म्हणाली, "तिनं कोणाचं काही वाईट नाई केलं, अण्णाजी. ती आपल्या लेकीले झोपवत होती."

मी मान हालवली. पण एक गोष्ट मी रुख्माबाईलेही नाई सांगितली.

त्या सकाळी जीप गेल्यावर घर बंद कराले मी मागं राह्यलो. दारं लावली. खिडकी बाहेरून ओढून घ्याले गेलो. खिडकीखाली बाहेरच्या बाजूनं एक रुंद दगड आहे, बाई टेकून उभी राहील एवढा उंच. त्या दगडावर पांढरे थेंब पडले होते. आठ-दहा. दूध.

त्या घरात गाय नव्हती. शेळी नव्हती. दूधवाला अजून यायचा होता.

मी बोट लावून पाह्यलं.

कोमट होतं.